ड्युप्रींचा बाक

वादळाला सात महिने झाले तरी न्यू ब्युला चर्चच्या भिंतीवर पाण्याची रेघ तशीच होती. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, चारी भिंतींवरून सारखी फिरलेली, चहाच्या डागासारखी. बाकी सगळं नवं करतोच आहोत, तेवढी राहू दे, असं ॲम्ब्रोज ड्युप्रीने ठरवलं आणि मंडळीतलं कोणी काही बोललं नाही. लाकूडकामाच्या बाबतीत ॲम्ब्रोजपुढे तसंही कोणी बोलत नसे. चाळीस वर्षं त्याने बोटी बांधल्या होत्या, वीस वर्षं तो चर्चचा डीकन, म्हणजे पाळकाच्या हाताखालचा वडील सेवक होता, आणि त्याच्या खापरपणजोबाने गुलामगिरीतून सुटल्यावर चौथ्या वर्षी याच चर्चचे खांब दलदलीतून खांद्यावर वाहून आणले होते.

अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या त्या किनाऱ्यावर वादळं काही नवी नाहीत. पण या वेळी खाडी दफनभूमीवरून चालत आली आणि सरळ दारातून आत शिरली. छप्पर अर्धं गेलं. बाक तरंगले आणि एकमेकांवर चढून बसले. दफनभूमीतल्या कबरींवर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या वस्तू, म्हणजे मेलेल्या माणसाचा शेवटचा कप, दिवा, बशी, थांबलेलं घड्याळ, सगळं चिखलात पसरलं. वरच्या गावाहून मदतीला आलेली मंडळी ते कचरा म्हणून गाडीत भरायला निघाली होती. ॲम्ब्रोजने त्यांना हात जोडून थांबवलं. मग म्हाताऱ्या बायकांनी खुर्च्या टाकून, कोणती बशी कोणाची, हे आठवणीने लावून सगळं परत जागेवर ठेवलं. त्या वस्तू फुटक्याच असतात. त्या फोडूनच ठेवायच्या असतात, हे तिथे कोणाला सांगावं लागत नाही.

मोडकं काही दिसलं की ॲम्ब्रोजचे हात शिवशिवायला लागत. त्याची बायको व्हर्ना तर फुटलेला कप त्याच्यापासून लपवून ठेवायची, नाहीतर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. व्हर्नाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी कॅमिल लग्न करून जॅक्सनव्हिलला राहत होती. आईच्या दफनानंतर तिने या चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. बापाशी फोनवर बोलायची, पण येते म्हणायची नाही. वादळानंतर मात्र तिने स्वतःहून सांगितलं, चर्च उभं राहिलं की पहिल्या उपासनेला मी येईन, आपल्या बाकावर बसेन. त्या एका वाक्यावर ॲम्ब्रोज सात महिने राबत होता. त्याचे गुडघे गेले, उजव्या हाताचा अंगठा काळानिळा झाला, पण तो एक दिवस घरी बसला नाही.

सुरई सापडली ती तिसऱ्या महिन्यात. पुलपीटखालची, म्हणजे पाळकाच्या उपदेशाच्या चौथऱ्याखालची फळी उचलली तर गाळात पांढऱ्या चिनी मातीचे पाच तुकडे एकमेकांना लागून पडले होते. एकही कमी नव्हता. चर्चची प्रभुभोजनाची सुरई वादळात गेली होती. तीही पांढरी, तीही रुंद तोंडाची आणि मुठीची. हीच ती, असं सगळेच म्हणाले. ॲम्ब्रोजने तुकडे घरी नेले, धुतले, आणि एक अख्खा रविवार घालवून ते जोडले. तळाला बोट जाईल एवढं एक गोल भोक होतं. दगड लागला असेल असं त्याला वाटलं, पण दगडाने इतकं गोल भोक कसं पडेल याचाही त्याने थोडा विचार केला आणि सोडून दिला. भोक बुजवलं, वरून पाणकागद मारला, आणि डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं. सांधा कुठे आहे ते त्याचं त्यालाच कळेना. त्याला फार बरं वाटलं.

गळते का पाहावं म्हणून त्याने सुरई काठोकाठ भरून पुलपीटशेजारच्या मेजावर ठेवली. खाली कागद घातला. सकाळी कागद कोरडा होता आणि पाणी दोन बोटं खाली होतं. उन्हाळ्याचे दिवस, पाणी उडायचंच. पण ॲम्ब्रोजला उगाच काही मानायची सवय नव्हती. त्याने शेजारी तेवढ्याच तोंडाचा काचेचा वाडगा भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी वाडगा भरलेला होता आणि सुरई दोन बोटं उतरली होती. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. मग छपराचे पत्रे आले आणि त्या कामाच्या धांदलीत तो हे विसरला.

बाकांना वार्निश लावलं ते शेवटी, उपासनेच्या आधी सहा आठवडे. दोन्हीकडे अकरा अकरा बाक, एकाच खेपेच्या डब्यांतलं वार्निश, एकच ब्रश. दोन दिवसांत सगळे खणखणीत वाळले. फक्त उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर, मधल्या वाटेच्या टोकाला, एक पट्टा चिकट राहिला. तो ड्युप्रींचा बाक. ॲम्ब्रोजने पट्टा घासून काढला, टर्पेंटाइनने पुसला, नवा डबा फोडला. शेजारचा भाग दोन दिवसांत वाळला आणि तो पट्टा तसाच राहिला. त्याने टेप लावून मोजलं. अठरा इंच, दोन्ही कडा सरळ.

त्या बाकावर कोण कुठे बसतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. टोकाला होझे काका, मग चुलतबहीण अर्लेथा, मग व्हर्ना, मग कॅमिल. व्हर्ना गेली तरी तिची जागा कोणी घेतली नव्हती आणि कॅमिल येत नव्हती तरी तिचीही घेतली नव्हती. ॲम्ब्रोज स्वतः डीकन म्हणून पुढे बसायचा.

होझे काका पुढच्या मंगळवारी सकाळी गेले. सत्त्याऐंशी वर्षांचे होते. मक्याच्या लापशीचा चमचा त्यांनी खाली ठेवला आणि मान टाकली. लोक म्हणाले, असं मरण मागून मिळत नाही. चर्चसमोरच्या मैदानात टाकलेल्या तंबूत दफनविधी झाला, नंतर सगळे लाल भात आणि तळलेली बोई मासळी पोटभर जेवले, आणि ॲम्ब्रोज काळा कोट घरी टाकून पुन्हा कामावर आला. बाकाचं टोक वाळलं होतं. तळहात ठेवला तर आरशासारखं गुळगुळीत लागलं. त्याच्या आतल्या बाजूला मात्र नवा पट्टा चिकट झाला होता. त्यानेही अठरा इंच भरले.

कोणाशी बोलण्यासारखं हे नव्हतंच. वार्निशवरून माणसाच्या मरणाचा हिशेब मांडणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि ॲम्ब्रोजने आधी काढलं असतं. पण त्याच आठवड्यात अर्लेथा त्याचं जेवण घेऊन आली. छप्पन्न वर्षांची, आडव्या अंगाची, शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे पोरांना दम देणारी बाई. बाकाभोवती चिकटपट्टी लावलेली पाहून तिने विचारलं, हे काय.

"वाळत नाही," ॲम्ब्रोज म्हणाला. "एवढाच भाग."

तिने वाकून पाहिलं आणि मोठ्याने हसली. "अरे, ही तर माझी जागा. आणि मोजून माझ्या बुडाएवढीच ठेवलीस की रे. आधीच सांगून ठेवते, मी बसले की दोन बोटं बाहेर येईन."

"अर्लेथा, डॉक्टरकडे गेली होतीस का एवढ्यात?"

"का? मी काय होझे काका आहे?" ती म्हणाली. "भेंडी गरम आहे तोवर खा. माझी काळजी करायला माझा नवरा आहे, तोही करत नाही."

नऊ दिवसांनी, अंगणात खेकडे साफ करता करता, ती बसल्या जागी कलंडली. ॲम्ब्रोजला निरोप मिळाला तेव्हा तो दारं बसवत होता. त्याने हातातली बिजागरी खाली ठेवली आणि अर्लेथाच्या घराकडे जायच्या आधी तो बाकाजवळ गेला. त्याची त्याला आयुष्यभर लाज वाटली. तिची जागा कोरडी होती. पुढची, व्हर्नाची जागा तर सुरुवातीपासूनच कोरडी होती. त्याच्या पलीकडे कॅमिलची जागा होती. तिथे त्याने बोट ठेवलं आणि ते उचलताना वार्निशची बारीक तार वर आली.

या वेळी पट्टा एकच नव्हता. अठरा इंचांना लागून, समोरच्या काठाशी, तळहाताएवढा आणखी एक गोल होता.

त्याचा अर्थ त्याला लागला नाही. तो लागला शनिवारी. कॅमिलचा फोन आला, ती अर्लेथासाठी रडली, दफनाला सुट्टी मिळत नाही म्हणून स्वतःवर चिडली, आणि मग म्हणाली, "बाबा, हे सांगायची वेळ नाही, पण पहिल्या उपासनेला मी एकटी येणार नाहीये."

"जावई येतोय?"

"तो नाही. चौथा महिना लागलाय मला."

ॲम्ब्रोजला आनंद व्हायला हवा होता, आणि तो आनंदी आवाजात काहीतरी बोललाही. फोन ठेवल्यावर मात्र तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बराच वेळ बसून राहिला. त्याला भीती वाटत होती. एकसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, स्वतःच्या घरात.

सोमवारी खेकडेवाला मर्व्हिन बग्ज चर्चच्या आवारात गाडी लावून उतरला. त्याच्या हातात चिखलाने माखलेलं काहीतरी होतं. जाळ्याला लागलं, म्हणाला, तुमचंच दिसतंय, तळाला चर्चचं नाव आहे. ॲम्ब्रोजने नळाखाली धरलं. पांढरी सुरई होती, रुंद तोंडाची, मुठीची. कुठे टवकासुद्धा उडालेला नव्हता. तळाला निळ्या अक्षरांत न्यू ब्युला लिहिलं होतं.

त्याने आत जाऊन पुलपीटशेजारची सुरई उलटी करून पाहिली. तिच्या तळाला नाव नव्हतं. पूर्वी कधी बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या मंडळीत सगळ्यांत जुनं माणूस म्हणजे सेलेस्टीन, जिला मान म्हणून सगळे मदर म्हणत. चौऱ्याण्णव वर्षांची, पांढऱ्या टोपीतली, ऐकू कमी यायचं पण नजर शाबूत. ॲम्ब्रोज तिला गाडीत घालून घेऊन आला. तिने सुरई मांडीवर घेतली आणि तळावर अंगठा फिरवला.

"इथे भोक होतं ना?"

"होतं."

"तू बुजवलंस."

"हो, मदर."

"माझ्या आईने पाडलं होतं ते. खिळ्याने. मी शेजारी उभी होते, सात वर्षांची." ती सावकाश बोलत होती, मधे दम खात. "तापाची साथ होती. दुसऱ्यांच्या घरातलं एखाददुसरं गेलं. तुम्हा ड्युप्रींचे मात्र सहा आठवड्यांत चार गेले, एकामागून एक, ओळीने उठून गेल्यासारखे. पाचवी लोव्ही, तुझ्या आज्याची बहीण. तिच्या कबरीवर आईने ही फोडली. तेव्हा कुठे साखळी तुटली बघ. मग कोणी गेलं नाही."

"मला माहीत नव्हतं. ती पुलपीटखाली होती. मला वाटलं, चर्चची."

"ते कळलं मला." तिने सुरई त्याला परत दिली. "मी नव्वद वर्षांत पुष्कळ बशा फोडलेल्या पाहिल्या, पोरा. त्यातली एक परत जोडलेली कधी पाहिली नाही. त्याचं काय होतं, ते मला विचारू नकोस."

त्या दोघांनी लोव्हीची कबर शोधली. लाकडी खूण कधीच कुजली होती, पण मदरने ओकच्या झाडापासून पावलं मोजून जागा दाखवली. ॲम्ब्रोजने तिच्यासाठी घडीची खुर्ची मांडली, सुरई जमिनीवर ठेवली आणि हातोडा उचलला. एका घावात ती फुटली. त्याने आणखी सात-आठ घाव घातले, तिचा चुरा होईपर्यंत, आणि मग धापा टाकत खाली वाकला.

चुरा झाला होता तो मूळ चिनी मातीचा. त्याने जोडलेल्या जागा सुटल्या नव्हत्या. प्रत्येक सांध्यावर दोन्हीकडचे तुकडे तसेच घट्ट धरून राहिलेले होते, चार ठिकाणी. आणि तळाचं भोक बुजवलेला गोल अख्खा होता, भोवतीचं सगळं झडून गेलेला, कोटाच्या गुंडीसारखा.

त्याने तो दगडावर ठेवून हाणला. दोनदा हातोडा उसळी मारून हातातून निसटला. गोलावर चरासुद्धा पडला नाही. त्याच्या सांध्यांची ख्याती होती. लाकूड मोडेल पण ॲम्ब्रोजचा सांधा सुटायचा नाही, असं बोटीच्या कारखान्यात म्हणायचे, आणि ते ऐकायला त्याला आवडायचं.

मदर सेलेस्टीन सगळं बघत होती. तिने उठायला हात मागितला.

शनिवारपर्यंत बाक तसाच होता. अठरा इंच आणि तळहाताएवढा गोल. करवत घेऊन बाक कापावा असं त्याच्या मनात आलं, तो करवत घेऊन उभाही राहिला. पण कापायचं काय? काकांची जागा वाळली तेव्हा अर्लेथाची ओली झाली होती. ते लाकडात नव्हतंच. रविवारी पहाटे त्याने कॅमिलला फोन केला, येऊ नकोस सांगायला. ती गाडीत होती. निघाले बाबा, म्हणाली, नऊ वर्षांनी निघालेय, आता मला काही कारणं सांगू नका. तिच्या आवाजात हसू होतं. सावकाश ये, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

मग त्याला एक गोष्ट सुचली आणि एकदम शांत वाटलं. जी जागा ओली, त्या जागेचं माणूस जातं. तर त्या जागेवर आपण बसू. आपलं काय राहिलंय आता.

उपासनेच्या वेळी चर्च भरलं. बायका पांढऱ्यात होत्या, स्वयंसेवकांचे हातमोजे कडक इस्त्रीचे, हातातले पंखे हलत होते. कॅमिल पिवळट पांढऱ्या पोशाखात आली आणि दारातच बापाच्या गळ्यात पडली. तिच्या पोटाचा हलका उंचवटा त्याच्या कोटाला लागला. ती सवयीने तिसऱ्या बाकाकडे वळली. त्याने तिचा दंड धरला.

"तिकडे वार्निश ओलं आहे. तू पुढे बस, माझ्या खुर्चीवर. पाय पसरता येतील."

"डीकनच्या खुर्चीवर? लोक काय म्हणतील?"

"माझ्या चर्चमध्ये कोण काय म्हणतंय बघतो मी. बस."

पुलपीटशेजारच्या डीकनांच्या तीन खुर्च्यांना वार्निश लावायचं वेळ न मिळाल्याने राहून गेलं होतं. त्याने त्या घासून कोऱ्या करून ठेवल्या होत्या. वार्निशचा एक थेंबही त्यांना लागलेला नव्हता. कॅमिल लाजत मधल्या खुर्चीवर बसली.

ॲम्ब्रोज बाकावर गेला. व्हर्नाची जागा ओलांडली आणि मुलीच्या जागेवर बसला. चिकटपणा पँटीतून लगेच जाणवला. थंड होता. तो मुद्दाम मागे रेलला, सगळं अंग टेकवून. त्याने डोळे मिटले आणि देवाला म्हटलं, मी बसलोय, मला घे.

पाळकांनी प्रार्थना केली. मग मदर सेलेस्टीन आपल्या जागेवरून, न उठता, गीताची पहिली ओळ एकटीच बोलली, जुन्या पद्धतीने. ती ओळ उचलून गायला सगळी मंडळी उभी राहिली.

ॲम्ब्रोज उठला. कापड ओढलं जाईल म्हणून त्याने दोन्ही हात पुढच्या बाकावर टेकले होते. काही ओढलं गेलं नाही. तो अलगद वर आला. त्याने हात मागे नेला. पँट कोरडी होती. वाकून बाकावर तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आरशासारखा गुळगुळीत.

त्याला हुंदका आला. त्याने वर पाहिलं.

सगळं चर्च उभं होतं. कॅमिल अजून उठत होती.

तिने एक हात पोटावर धरला होता. ती अर्धी वर आली आणि खुर्चीही तिच्याबरोबर जराशी वर आली. मग सोलल्यासारखा एक बारीक आवाज झाला आणि खुर्ची खाली पडली.

कॅमिलने वळून कोऱ्या लाकडाकडे पाहिलं. पोशाखाला मागे हात लावला, बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. मग गाणाऱ्या माणसांच्या डोक्यांवरून तिने बापाकडे पाहिलं, ती दोन बोटं एकमेकांना चिकटवून सोडून दाखवली, आणि हसली.